मूत्रपिंडातला वायू



‘गॅस झाला’ हे आपल्याकडे फार सोपे उत्तर झाले आहे. पोट फुगले, गॅस. छातीत दुखले, गॅस. कुशीत कळ आली, तरी गॅसच. मग ओवा चावायचा, सोडा प्यायचा आणि रात्र काढायची. बहुतेक वेळा निभावतेही. पण आज सांगणार आहे तो गॅस पोटातला नव्हे, मूत्रपिंडातला. तिथे रात्र काढणे परवडत नाही.

समजा, वसमतकडच्या एखाद्या गावात हळद काढणीचे दिवस आहेत. घरची बाई पन्नाशीची. आठ वर्षांपासून साखरेचा आजार. गोळी कधी घेतली, कधी राहिली. दिवसभर रानात, पाणी थोडे, आडोसा नाही म्हणून लघवी दाबून धरलेली. चार दिवस लघवीला जळजळ होते आहे, पण सांगायचे कुणाला? पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, उलट्या, आणि पाठीत एका बाजूला बरगडीखाली ठणका. घरचे म्हणतात, ‘उन्हाचा त्रास असेल, बघू सकाळी.’

आता आत काय चालले आहे ते पाहू. लघवीच्या वाटेने जंतू वर चढतात आणि मूत्रपिंडाला सूज आणतात. हा आजार तसा पुष्कळ जणांना होतो आणि औषधाने बराही होतो. पण ज्याच्या रक्तात नि लघवीत साखर फार आहे, त्याच्या मूत्रपिंडात क्वचित निराळेच घडते. उसाचा रस भांड्यात तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो फसफसतो. सूक्ष्म जीव साखर खातात आणि वायू सोडतात. तसेच हे जंतू मूत्रपिंडातल्या साखरेवर वाढतात आणि कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन असे वायू तयार करतात. वायूला बाहेर पडायला वाट नाही. सुजेने आणि दाबाने रक्तपुरवठा आटतो, आणि मूत्रपिंडाचा तेवढा भाग मरू लागतो. मुतखड्याने वाट अडली असेल, तर हे सारे आणखी झपाट्याने होते.

या आजाराची पहिली नोंद १८९८ साली अमेरिकेतल्या केली आणि मॅक्कॅलम या डॉक्टरांनी केली. २००० साली तैवानमधल्या हुआंग आणि त्सेंग या डॉक्टरांनी आपल्याकडच्या ४८ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ४६ जणांना मधुमेह होता, आणि ९ जण दगावले. आजार विरळा खरा. पण तो कुणाचे दार ठोठावतो, हे या आकड्यांवरून कळते. पुरुषांपेक्षा बायकांना तो अधिक होतो.

तुम्ही विचाराल, हा आजार ओळखायचा कसा? बाहेरून तो साध्या मूत्रपिंडाच्या सुजेसारखाच दिसतो. हात लावून वायू कळत नाही. लघवी तपासतात, तिच्यातले जंतू वाढवून पाहतात. रक्तातली साखर, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट मोजतात. सोनोग्राफीत वायू दिसू शकतो, पण तो आतड्यातला समजण्याची चूक होते. खात्री होते ती सीटी स्कॅनने. वायू फक्त लघवीच्या पोकळीत आहे, मूत्रपिंडाच्या मांसात शिरला आहे, की भोवतीही पसरला आहे, हे त्यात दिसते. उपचार त्यावरच ठरतो.

उपचार रुग्णालयातच व्हायला हवा. शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविके देतात, इन्सुलिनने साखर आटोक्यात आणतात. वाट अडली असेल तर नळी घालून ती मोकळी करतात. पाठीतून बारीक नळी घालून पू आणि वायू बाहेर काढतात. पूर्वी असे मूत्रपिंड लगेच काढूनच टाकावे, असा कल होता. आता नळीने पुष्कळांचे मूत्रपिंड वाचते. त्याने भागले नाही तरच शस्त्रक्रिया. आणि एक काढावे लागले, तरी दुसरे चांगले असेल तर माणूस नीट जगतो.

मग आपण काय करायचे? साखरेच्या रुग्णाला थंडीताप, कुशीत दुखणे आणि उलट्या अशी तिन्ही एकदम झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्ण बरळू लागला, गुंगीत गेला, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले, तर एक क्षणही दवडू नका. १०८ ला फोन करा. सेनगाव असो की कळमनुरी, हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठा. तिथून सांगितले तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जायला मागेपुढे पाहू नका. जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, ‘यांना साखर आहे.’ वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. काही गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर विचारा, ‘मूत्रपिंडाचा फोटो काढायचा का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

शिक्षकांना एक विनंती. गावात तपासणीचा कागद पुष्कळदा तुमच्याच हाती येतो, ‘गुरुजी, यात काय लिहिलंय बघा.’ त्या वेळी साखरेचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, आणि डॉक्टरांकडे कधी जायचे ते ठरवूनच कागद परत करा.

आणि आयाबहिणींनो, लघवीची जळजळ ही लाजेची गोष्ट नव्हे. पाणी प्या, लघवी दाबून धरू नका, साखरेची गोळी चुकवू नका. आपल्या गोष्टीतल्या त्या बाईने पहिल्या दिवशीच आशाताईला सांगितले असते, तर एक लघवीची तपासणी आणि थोड्या दिवसांचे औषध एवढ्यावर बहुधा भागले असते.