एंटर की शिफ्ट-एंटर?

सोसायटीचं पत्र: ‘प्रति, मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, कल्याण (पश्चिम) ४२१३०१’. दर ओळीला एंटर दाबलं की वर्डमध्ये हा पत्ता उगाच फाकतो. एंटर म्हणजे नवा परिच्छेद. त्याखाली वर्ड आपणहून सहसा ८ पॉइंट जागा सोडतो. पत्त्यात शिफ्ट-एंटर दाबा; ओळ बदलते, परिच्छेद तोच राहतो.

मजकुरात मात्र ओळ भरली म्हणून काहीच दाबू नका. टाइपरायटरवर दर ओळीला दांडी सरकवलेल्यांचा हात इथे हटकून एंटरवर जातो.

शिफ्ट-एंटरची एक खोड आहे. दोन्ही कडा जुळवलेल्या असल्या तर ओळ ताणली जाते: ‘मा.’ डाव्या कडेला, ‘आयुक्त’ पार उजव्या टोकाला. पत्त्याचा परिच्छेद फक्त डावीकडे जुळवला की दोघे पुन्हा शेजारी.