झाकण मिटले, पण संगणक झोपला का?

माझ्या परिचयाच्या एका विज्ञान शिक्षिका हिवाळ्यात एकदा नाशिकहून सुरगाण्याकडच्या आपल्या शाळेत निघाल्या होत्या. पिशवीत लॅपटॉप, आणि त्यात नववीच्या मुलांनी आठवडाभर घेतलेली विहिरीच्या पाण्याच्या तापमानाची मोजमापे. सकाळी घाईघाईने आकडे तक्त्यात भरले, मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या, झाकण मिटले आणि एस.टी. पकडली. तक्ता जतन करायचा मात्र राहिला. वणी मागे पडली तेव्हा मांडीवरची पिशवी चांगलीच तापली होती. शाळेत पोचून पाहतात तो बॅटरी संपलेली आणि आकडे गायब. 'लिनक्सवर असंच होतं,' असे त्यांना कोणीतरी सांगितले. असे उत्तर विज्ञान शिकवणाऱ्याने स्वीकारू नये. कारण शोधता येते, आणि शोधण्याची रीत आपण प्रयोगशाळेत शिकवतो तीच आहे.

आकडे का गेले ते आधी पाहू. चालू कामाची माहिती ज्या स्मृतीत (रॅममध्ये) असते, तिचा प्रत्येक कण म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र असते. त्यातला विद्युत्भार सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. भोके असलेल्या हंड्यात पाणी ओतत राहण्यासारखेच हे काम आहे. संगणक गाढ झोपतो तेव्हा जवळजवळ सगळे बंद होते, पण स्मृतीचे हे भरणे चालू राहते आणि त्याला वीज अगदी थोडी लागते. बॅटरी पूर्ण संपली की भरणे थांबते व स्मृती कोरी होते.

झाकण मिटणे ही खरे तर एक विनंती असते. ती मिळाल्यावर लिनक्स प्रथम सर्व कार्यक्रम गोठवते. मग पडदा, डिस्क, वायफाय अशा प्रत्येक भागाला त्याच्या चालक-प्रणालीमार्फत 'आपली स्थिती लिहून ठेव आणि झोप' असे सांगते. शेवटची पायरी यंत्रातल्या मूळ आज्ञावलीची, म्हणजे फर्मवेअरची. या दोघांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा करार, एसीपीआय, इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एस-३ ही अवस्था म्हणजे वर सांगितलेली गाढ झोप. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत फर्मवेअर ही अवस्था देतच नाही. तेथे प्रोसेसरला निष्क्रिय ठेवून सगळ्या भागांनी आपापले शांत व्हावे अशी अपेक्षा असते. वर्गातले एकच मूल बोलत राहिले तरी वर्ग शांत म्हणता येत नाही, तसेच येथेही एकच हट्टी भाग सगळ्यांची झोप उथळ करतो. आपल्या यंत्रात कोणता प्रकार चालू आहे हे लिनक्सच्या 'मेम-स्लीप' या छोट्या फाइलीत दिसते: 'डीप' म्हणजे गाढ, 'एस-टू-आयडल' म्हणजे दुसरा प्रकार. चौकटी कंसातला शब्द सध्याचा.

आता बाईंच्या लॅपटॉपकडे वळू. बॅटरी ५० वॉट-तासांची, निघताना ७५ टक्के भरलेली. म्हणजे ३७.५ वॉट-तास तीन तासांत संपले: सरासरी साडेबारा वॉट. इतकी शक्ती तर तो काम करतानाही घेतो! मग मी तो रात्रभर टेबलावर मिटून ठेवला. आठ तासांत ६ टक्के, म्हणजे ३ वॉट-तास, अर्थात एक वॉटच्याही निम्म्याहून कमी. तेच यंत्र, तेच झाकण. टेबलावर ते झोपत होते आणि एस.टी.त जागे राहत होते. (वर्गात हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे; शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा यातून लवकर कळतो.)

टेबल आणि पिशवी यांत फरक कोणता? लिनक्सची नोंदवही, म्हणजे 'जर्नल', उघडून त्या सकाळचे तास पाहिले. झोपला, जागा झाला, झोपला, जागा झाला, अशा जोडनोंदींची लांबच लांब रांग! पिशवीत बिनतारी माउस होता आणि त्याचा नखाएवढा ग्राही लॅपटॉपलाच खोचलेला. असे अनेक ग्राही यंत्राला आपली ओळख माउसबरोबर कळफलक म्हणूनही करून देतात, आणि कळफलकाला झोपलेले यंत्र उठवण्याची परवानगी लिनक्स आपणहून देते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ही एक हाक ठरत होती. ग्राहीच्या 'वेकअप' या नोंदीत 'एनेबल्ड'च्या जागी 'डिसेबल्ड' लिहिले, माउससह पिशवी तासभर हलवत ठेवली. रांग नाहीशी झाली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही दुरुस्ती पुसली जाते. ती टिकवायची तर 'यूडेव्ह'चा एक ओळीचा नियम लागतो. ग्राही काढून ठेवणे त्याहून सोपे, हे बाईंनीच मला ऐकवले.

टेबलावरही बॅटरी झरझर उतरत असेल, तर मात्र दोष उथळ झोपेचा. इंटेलच्या अनेक यंत्रांत गाढ निष्क्रियतेचा काळ मायक्रोसेकंदांत मोजणारा गणक असतो. झोपेपूर्वी व झोपेनंतर त्याचा आकडा तोच राहिला, तर कोणीतरी भाग जागा आहे. बाहेरची उपकरणे एकेक काढून पुन्हा मोजावे; एका वेळी एकच बदल.

तिसरी तक्रार काळ्या पडद्याची: झाकण उघडले, पंखा फिरतो, दिसत काही नाही. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का पाहावे. लागला तर यंत्र बहुधा जागे आहे, दोष चित्राच्या चालक-प्रणालीत शोधावा. तोही विझलेलाच असेल तर 'पीएम-टेस्ट' ही सोय आहे. तिच्यामुळे लिनक्स झोपेचा जिना अर्ध्यापर्यंतच उतरते, पाच सेकंद थांबते व परत येते. आधी फक्त कार्यक्रम गोठवून पाहायचे, मग भाग झोपवून, मग फर्मवेअरपर्यंत. ज्या पायरीवरून ते परतत नाही, तेथे दोष. मात्र प्रयोगापूर्वी सर्व कामे जतन करावीत.

लांबच्या प्रवासाला शीतनिद्रा बरी. तीत स्मृतीची प्रत डिस्कवर उतरते आणि वीज पूर्ण तुटते. त्यासाठी डिस्कवर 'स्वॅप'ची पुरेशी जागा हवी, आणि 'सिक्युअर बूट' चालू असेल तर पुष्कळ वितरणे ही सोय रोखतात. बाईंच्या लॅपटॉपवर ती आता चालते. नववीच्या मुलांनी मोजमापे पुन्हा घेतली. विहिरीचे पाणी तोवर दीड अंशाने थंड झाले होते.