चावी, पावती आणि अनुच्छेद २२

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. भीमजयंती दोन दिवसांवर आलेली. रात्री साडेदहाच्या सुमारास मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आम्हाला फोन आला. "वकीलसाहेब, पोराला चौकीत बसवून ठेवलंय. तेवढं या."

पोरगा बावीस वर्षांचा. पहाटे मैदानावर धावतो, दिवसा अडत दुकानात हमाली करतो, रात्री विहारातल्या अभ्यासिकेत बसतो. ध्येय एकच, पोलीस भरती. त्या संध्याकाळी मोटारसायकलच्या हँडलला निळा झेंडा लावून तो जयंतीच्या मंडपाचे सामान आणायला निघाला होता. चौकात नाकाबंदी होती. गाडी अडवली. त्याने लायसन्स दाखवले, आरसी मोबाईलमधल्या डिजीलॉकरवर दाखवली. हेल्मेट नव्हते आणि विम्याची मुदत संपून चार दिवस झाले होते.

इथपर्यंत चूक पोराची, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. दंडाची पावती फाडली असती तर आम्हाला बोलायला जागाच उरली नसती. पण तसे झाले नाही. शिपायाने गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. लायसन्सवरचे आडनाव वाचून 'कोणत्या वस्तीतला रे तू?' असे विचारले. मग झेंड्याकडे बघून चारचौघांत जे बोलू नये ते बोलला. पोराचे रक्त तापले. त्याने चावीसाठी हात पुढे केला, ओढाताण झाली आणि पुढच्याच क्षणी शब्द आले, 'सरकारी कामात अडथळा'.

हे साधे शब्द नाहीत. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ३५३, हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. भरतीच्या तयारीतल्या पोरावर हा एक गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत त्याचे काय होते, हे आमच्या वस्त्यांना सांगावे लागत नाही. दोन वर्षांचे धावणे एका चावीपायी मातीत!

आम्ही चौकीत पोहोचलो. आवाज न चढवता तीन प्रश्न विचारले. चावी कोणत्या कलमाखाली घेतली? याला अटक केली आहे का? केली असेल तर नोंद कुठे आहे? तिन्हींचे उत्तर नव्हते. मध्यरात्रीनंतर दंडाची पावती झाली, चावी परत मिळाली, पोरगा सुटला. जातीवरून केलेल्या अपमानाची फिर्याद द्यायची का, असे आम्ही विचारले. त्याच्या बापाने हात जोडले. "जाऊ द्या साहेब. पोराची भरती आहे." आम्ही गप्प बसलो. ते बरोबर केले की चूक, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. म्हणूनच हा लेख.

आधी कर्तव्य, मग हक्क. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितले की लायसन्स दाखवणे चालकाला बंधनकारक आहे. हात दाखवला की गाडी थांबवलीच पाहिजे. इतर कागद जवळ नसतील तर ते पुढे सादर करण्यासाठी याच कलमात पंधरा दिवसांची मुदत आहे. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवरील कागदपत्र मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहे. मात्र व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेला फोटो म्हणजे डिजीलॉकर नव्हे, हेही आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

आता पोलिसाच्या अधिकाराची हद्द. लायसन्स जप्त करता येते, पण कलम २०६ मध्ये त्याची कारणे दिली आहेत. कागद बनावट असल्याचा संशय, चालक समन्स चुकवील अशी शक्यता, किंवा अतिवेग, दारू, विनाहेल्मेट यांसारखे ठरावीक गुन्हे. जप्त केले तर तात्पुरती पोच दिलीच पाहिजे. गाडी अडकवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. लायसन्स नाही, वय बसत नाही, नोंदणी नाही, परमिट नाही, अशा वेळी. चालक दारू प्यायलेला असेल तर त्याला अटक करून गाडीची व्यवस्था पोलीस लावू शकतात. पण थांबलेल्या, कागद दाखवणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या गाडीची चावी उपटून खिशात घालावी असे या कायद्याच्या एकाही कलमात लिहिलेले नाही. चावी काढणे हा कायदा नाही, ती सवय आहे. समोरच्याला क्षणात लाचार करण्याची सवय.

दंडाचेही तसेच. जागेवर तडजोड शुल्क घेण्याचा अधिकार शासनाने ज्याला दिला आहे त्यानेच ते घ्यावे आणि पावती द्यावी. गुन्हा कबूल नसेल तर न्यायालयात जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. पावतीशिवाय दिलेली नोट ही लाच असते आणि ती देणारा हात आपलाच असतो. 'पन्नास-शंभर देऊन मोकळे व्हा' म्हणणाऱ्यांनी पुढच्या पोराची चावी आपण विकतो आहोत हे समजून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१०-ब तर सांगते की, कायदा राबवणाऱ्यानेच वाहतुकीचा गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. हे कलम किती जणांनी ऐकले आहे?

आणि 'बसवून ठेवणे'? हा शब्द कायद्याच्या कोणत्या पुस्तकात आहे? एकतर अटक करा आणि कारण सांगा, किंवा नोटीस देऊन बोलवा, नाहीतर माणसाला घरी जाऊ द्या. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एक नवा अनुच्छेद मांडला. मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता, आज तो अनुच्छेद २२ आहे. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'कायद्याची उचित प्रक्रिया' हे शब्द गळाले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी हे संरक्षण आणले. अटकेचे कारण कळले पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील मिळाला पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात त्यावर आणखी बांधणी केली. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर. नाव विचारले की चिडणाऱ्या शिपायाला सांगा, आम्ही उद्धटपणा करत नाही, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलेच विचारतो.

आता राहिला तो जातीचा प्रश्न. चारचौघांच्या देखत अनुसूचित जातीच्या माणसाला जातीवरून शिवीगाळ करणे किंवा हेतुपुरस्सर अपमानित करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ च्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खालील गुन्हा आहे. गणवेश घातला म्हणून त्यातून सूट नाही. 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला अॅट्रॉसिटी कशी लागते?' असे काही ठाण्यांत आजही विचारले जाते. त्याचे उत्तर १९९० मध्येच मिळाले आहे. त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. जातीचा दाखला मात्र घरात तयार हवा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. २० मार्च २०१८ च्या निकालाने या कायद्याला वेसण घातली, तेव्हा २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणून प्राथमिक चौकशीची अट काढली. त्या दिवशी काहींनी जीवही गमावले. इतक्या मोलाने राखलेला कायदा चौकीच्या दारात आपणच 'जाऊ द्या' म्हणून सोडायचा का?

आम्ही त्या बापाला दोष देत नाही. भीती खोटी नव्हती. पण ती भीती एकट्याची होती म्हणून मोठी होती. चौकात दोन साक्षीदार उभे राहिले असते, कुणी मोबाईलवर चित्रण केले असते, तर झटापट कुणी सुरू केली हे सांगता आले असते. पोलीस ठाणे हे शासकीय गोपनीयता कायद्याखालील 'निषिद्ध ठिकाण' नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. मग भर चौकातल्या चित्रणाला कशाची भीती?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. हेल्मेट घाला, विमा भरा, अल्पवयीन भावाच्या हाती गाडी देऊ नका. चावी काढली तर चावीला हात लावू नका. हात खाली ठेवा, वेळ बघा, पट्टीवरचे नाव वाचा, पावती मागा, घरी फोन करा. राग गिळायचा नाही, तो कागदावर उतरवायचा. तक्रार अर्जाची पोच घेतली की तो राग कामाला लागतो.

आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांना विनंती. जयंतीच्या वर्गणीत डीजेसाठी जो आकडा लिहिता, त्याच्या शेजारी एक ओळ कायद्याच्या शिबिरासाठी लिहा. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर तालुक्यातल्या दोन वकिलांचे नंबर लावा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास अनुच्छेद २२ वाचा.

तो पोरगा अजूनही पहाटे धावतो. उद्या तो भरती होईल आणि याच चौकात शिट्टी घेऊन उभा राहील, अशी आमची इच्छा आहे. त्या दिवशी त्याच्यासमोर एखादा पोरगा मोटारसायकल थांबवील, तेव्हा त्याने चावीकडे हात न नेता फक्त लायसन्स मागावे.

जय भीम!