'गो'चा भूतकाळ 'वेंट' का?

इंग्रजीतील 'गो', म्हणजे जाणे, हे क्रियापद सुरुवातीच्याच धड्यांत भेटते आणि विद्यार्थ्याला तेथेच अडवते, कारण त्याचे भूतकाळी रूप 'वेंट' मूळ धातूशी कोठेच जुळत नाही. प्राचीन इंग्रजीतही हा भूतकाळ 'एओदे' असा विसंगतच होता. पुढे १५व्या शतकाच्या सुमारास, वळणे किंवा वाट धरणे या अर्थाच्या 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाच्या 'वेंट' या रूपाने ती जागा बळकावली, आणि बिचाऱ्या 'वेंड'ला 'वेंडेड'वर समाधान मानावे लागले. भिन्न धातूंच्या रूपांनी मिळून एकच क्रियापद चालवण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात 'सप्लिशन' म्हणतात. मराठी वाचकाने यावर हसू नये, कारण 'जातो' हे संस्कृत 'या' धातूवरून, तर 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत' या रूपावरून आले आहे.

अर्थाच्या बाजूने पाहता, दूध नासणे, वेड लागणे, दिवाळे निघणे अशा बिघाडांसाठी इंग्रजी सर्रास 'गो' वापरते. त्याहून रंजक वाटचाल 'गोइंग टु'ची आहे: आरंभी त्यात खरोखरचे जाणे होते, मग हेतू आला आणि अखेर निव्वळ भविष्यकाळ उरला, त्यामुळे 'इट इज गोइंग टु रेन' या वाक्यात कोणीच कोठे जात नाही. बोलण्यात त्याचे 'गॉना' होते, परंतु ते भविष्यदर्शक अर्थापुरतेच. 'आय अ‍ॅम गॉना ईट' चालते, 'आय अ‍ॅम गॉना पुणे' मात्र कधीच चालत नाही.