गडावरचं बांधकाम : जुनं किती, नवं किती?

महाड तालुक्यातल्या रायगडावर मदार मोर्चा नावाची जागा आहे. तिथे रंगरंगोटी करून, चादर घालून प्रार्थनास्थळ उभारण्याचा प्रयत्न चालल्याची तक्रार संभाजीराजे छत्रपती यांनी २०२२मध्ये पुरातत्त्व विभागाकडे केली. चर्चा लगेच धर्मावर घसरली. खरं तर तपासायचं एवढंच, की तिथे मुळात काय होतं आणि नंतर काय वाढलं. रायगड केंद्र-संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला २०१०च्या कायदादुरुस्तीने मनाई आहे, मग ते मशिदीचं असो की मंदिराचं.

असाच प्रश्न प्रतापगडाशीही आला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की हा गड लागतो. पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. तिच्याभोवती वनजमिनीवर वाढलेलं बेकायदा बांधकाम १० नोव्हेंबर २०२२ रोजी पाडलं. कबरीला हात लावला नाही. जुनं ठेवायचं, नंतर वाढलेलं बेकायदा काढायचं, हीच रेघ मला योग्य वाटते. कबर तरी कशाला ठेवायची, असं काहीजण विचारतात. पण शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या १६५९च्या भेटीची ती खूण आहे, आणि मेलेल्या शत्रूचं दफन महाराजांनीच करवलं असं परंपरा सांगते. ती पुसली तर त्यांच्या मोठेपणाचा पुरावाच पुसला जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कायद्याचा बडगा एकाच समाजावर पडतो. त्यावर तोंडी आश्वासन पुरत नाही. गडावरच्या प्रत्येक वास्तूची, देवळापुढच्या पत्र्याच्या शेडचीसुद्धा, जुन्या छायाचित्रांसह नोंद पुरातत्त्व विभागाने जाहीर करावी आणि कारवाई त्याच यादीवरून व्हावी.