मोंढ्यातला हिरवा आकडा

फोन काढा, कॅल्क्युलेटर उघडा आणि न थांबता टाईप करा: 20 × 50 + 15 × 60. उत्तर येईल 1900. आता दुकानातला साधा, टेबलावरचा कॅल्क्युलेटर घ्या आणि तीच बटणं त्याच क्रमाने दाबा. उत्तर येईल 60900. दोघांपैकी कुणीच बिघडलेलं नाही.

मला हे कळलं नांदेडच्या नव्या मोंढ्यात, एका आडत दुकानात. गेले होते सोयाबीनच्या आवकेवर बातमी करायला. पण लक्ष गेलं गादीवरच्या मशीनकडे. जेवणाच्या डब्याएवढं, पिवळट पडलेलं प्लास्टिक, वायर भिंतीतल्या प्लगमध्ये आणि काळसर काचेमागे निळसर हिरवे आकडे. मुनीमकाका माझ्या जन्माच्या आधीपासून त्यावर पट्ट्या करतायत. फोन त्यांच्याकडेही आहे, पण हिशोबाला ते तो हात लावत नाहीत.

आधी त्या 60900 चं बघू. फोन तुमची अख्खी ओळ वाचतो आणि शाळेतल्या नियमाप्रमाणे आधी गुणाकार करतो. जुनं मशीन ओळ वाचतच नाही. त्याच्याकडे एका वेळी दोनच आकडे असतात, एक आधीचा आणि एक स्क्रीनवरचा. पुढचं चिन्ह दाबलं की ते मागचं काम उरकून टाकतं. 20 × 50 झाले 1000, त्यात 15 मिळवले, 1015. मग त्या सगळ्याला गुणिले 60. म्हणून त्यावर M+ चं बटण दिलंय. 20 × 50 M+, 15 × 60 M+, मग मेमरी बोलवा: 1900. आपण हे बटण दहावीपासून बघतो आणि कधीच दाबत नाही.

आता ते हिरवे आकडे. काच जवळून बघितली तर आकड्यांसमोरून केसासारख्या बारीक तारा गेलेल्या दिसतात. ती काच म्हणजे हवा काढलेली नळीच आहे. तारा थोड्या तापतात, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पट्ट्यांवरच्या लेपावर आदळले की तो लेप उजळतो. प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा. गंमत म्हणजे सगळे आकडे एकाच वेळी पेटलेले नसतातच. मशीन एकेक घर पाळीपाळीने पेटवतं, पण इतक्या भरभर की डोळ्याला कळत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात शटर खूप फास्ट ठेवून फोटो काढलात तर चोरी पकडता येते: काही घरं चक्क काळी येतात.

आत गुणाकार नावाची वेगळी जादू नाही. 17.43 गुणिले 4275 करायचं तर मशीन 17.43 पाच वेळा मिळवतं, एक घर सरकतं, सात वेळा मिळवतं, पुन्हा सरकतं, मग दोनदा, मग चारदा. एकूण अठरा बेरजा. भागाकार म्हणजे वजाबाक्या. याच्याही आधी कचेऱ्यांमध्ये फॅसिटसारखी स्वीडिश मशीनं होती, त्यात हेच काम हँडल फिरवून व्हायचं. पद्धत तीच राहिली, हँडल तेवढं गेलं.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनो, तुमच्यासाठी एक. पायथनमध्ये 0.1 + 0.2 करा, 0.30000000000000004 येतं. टेबलावरचा कॅल्क्युलेटर सरळ 0.3 दाखवतो, कारण तो प्रत्येक दशमान अंक वेगळा, चार-चार बिटांत ठेवतो. मात्र त्याच मशीनवर 1 ÷ 3 × 3 केलंत तर बहुतेक वेळा 0.999... येतं. घरं संपली की पुढचं तो सोडून देतो.

ही मशीनं हलकी कधीच नव्हती. शार्पचा 1964 चा कॉम्पेट साधारण 25 किलोचा होता आणि किंमत 5,35,000 येन. पुढे जपानच्याच बिझिकॉम कंपनीला आपल्या टेबल-कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या, म्हणून तिने इंटेलला गाठलं. त्यातून 1971 मध्ये 4004 बाजारात आला, जेमतेम 2300 ट्रान्झिस्टरचा. तुमच्या फोनमधल्या प्रोसेसरचा खापरपणजोबा म्हणजे हिशोबाचं मशीन! आपल्याकडेही शिव नाडर आणि त्यांचे सहकारी डीसीएममध्ये कॅल्क्युलेटरच विकायचे. नोकरी सोडून त्यांनी मायक्रोकॉम्प काढली, तीही कॅल्क्युलेटर विकायलाच. आणि 1976 मध्ये एचसीएल.

पण मला सगळ्यात जास्त अडकवलं ते स्क्रीनखालच्या एका सरकत्या बटणाने. त्यावर तीन खुणा असतात: कट, 5/4 आणि अप. शेजारच्या बटणावर दशांशाची किती घरं दाखवायची ते ठरतं. कट म्हणजे पुढचं तोडून टाक. 5/4 म्हणजे पाच किंवा जास्त असेल तर वर ने, चार किंवा कमी असेल तर सोड. अप म्हणजे काहीही उरलं तरी वरच ने.

यात काय मोठंसं, असं वाटतं ना? समजा 17 क्विंटल 43 किलो सोयाबीन आहे आणि भाव 4275 रुपये क्विंटल. सरळ गुणाकार केला तर 74,513 रुपये 25 पैसे. आता समजा कुणी आधी किलोचा भाव काढला. येतो 42.75. दशांशाची घरं शून्यावर आणि बटण कटवर असेल तर स्क्रीनवर दिसतं 42. तोच आकडा कागदावर उतरवून 1743 किलोला गुणलं की 73,206. एका गाडीमागे 1307 रुपये 25 पैसे गायब, आणि मशीन एकदाही चुकलेलं नाही. बटण 5/4 वर असतं तर 43 दिसलं असतं आणि रक्कम झाली असती 74,949. म्हणजे उलटा फटका आडत्याला.

मुनीमकाकांनी याचं उत्तर आधीच शोधून ठेवलंय. भाव क्विंटलचाच धरायचा, वजन दशांशात टाकायचं आणि तोडजोड फक्त शेवटी, हमाली-तोलाई वजा झाल्यावर. त्यांचं दशांशाचं बटण दोनवरच चिकटवलेलं आहे, सेलोटेपने. कॉपी-पेन्सिलने शेजारी खूणही केलीय. आणखी एक गोष्ट ते मनातल्या मनात करतात. मशीन स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर देतं, 1,247,500. ते वाचतात बारा लाख सत्तेचाळीस हजार पाचशे, न अडखळता.

लातूरच्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. दोन वर्षं नीटच्या तयारीत घालवलेली पोरगी, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही म्हणून सगळं तोंडी करायची सवय. तिने 17.43 गुणिले 4275 चा अंदाज मनात काढला: साडेसतरा गुणिले 4275, म्हणजे पंचाहत्तर हजाराला थोडे कमी. 73,206 ऐकताच ती म्हणाली, हे फार कमी वाटतंय.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरचा माल यंदाही लातूरच्या मार्केट यार्डात नाहीतर मोंढ्यात येईल. पप्पांसोबत गेलात तर पट्टी होताना गादीजवळ थांबा. ते बटण कुठे आहे बघा, आणि पट्टीवर भाव क्विंटलचा लिहिलाय की किलोचा, तेही.