सांगितलेले विसरणारा कर्नल

आपल्यापैकी पुष्कळ जण संगणकाच्या धंद्यात आहेत. ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांच्याही बँकेचा किंवा ग्रंथालयाचा कारभार कुठल्यातरी सर्व्हरवर चालतोच. त्या सर्व्हरच्या मुळाशी ‘कर्नल’ असतो. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची आणि ती अपुरी पडली तर कोणाचे सामान डिस्कवर हलवायचे, हे तो ठरवतो.

पूर्वी युनिक्समध्ये असे आकडे बदलायचे तर बहुधा कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागे. सोलारिसमध्ये ते एका फाइलीत लिहिता येत, पण मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत लागू होत नसत. 1993 च्या 4.4 बीएसडीत ‘सिसकंट्रोल’ आले. चालत्या कर्नलला आकडा विचारता येऊ लागला आणि बदलताही. लिनक्समध्येही ही सोय आहे.

उदाहरणार्थ ‘स्वॅपीनेस’. लिनक्समध्ये याचे मूळ मूल्य 60 असते. ते कमी केले की प्रोग्रॅमची मेमरी डिस्कवर हलवायला कर्नल कचरतो. डेटाबेसच्या मशीनवर बरेच जण 10 ठेवतात. दुसरा ‘ओव्हरकमिट’. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात (भारतवारी करणाऱ्यांना हे सांगायला नको!), तसाच कर्नल असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करतो. सगळे उतारू खरोखरच आले की तो एखादा प्रोग्रॅम मारतो, बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारा. म्हणजे नेमका डेटाबेस! ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली आपल्या लेविनच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी 2000 पासून वापरात आली. तिच्याही मागे डेटाबेसच आहे. तो मेला की काउंटरवर पुस्तक देता येत नाही. ‘ओव्हरकमिट’ 2 केले तर कर्नल ठरावीक मर्यादेपलीकडे कबुलीच देत नाही. मात्र काही प्रोग्रॅम मग सुरूच होत नाहीत, म्हणून मी हा उपाय सरसकट सुचवणार नाही.

खरी गोम पुढेच आहे. चालत्या कर्नलला सांगितलेला आकडा फक्त मेमरीत राहतो. 1998 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऑकलंडच्या मध्यवस्तीला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक निकामी झाल्या आणि सुमारे पाच आठवडे तिथे विजेचे हाल झाले. अशा वेळी वीज परतते, मशीन सुरू होते आणि स्वॅपीनेस मुकाट्याने पुन्हा 60 होतो. काहीच मोडलेले नसते, म्हणून कोणी शोधतही नाही. आकडा बदलणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो.

म्हणून तोच आकडा ‘ईटीसी’खालच्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ या फोल्डरातल्या फाइलीतही लिहावा. मशीन सुरू होताना त्या फाइली वाचल्या जातात. त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच आकडा दोन ठिकाणी असेल तर नंतरचा टिकतो. म्हणून आपल्या फाइलीचे नाव 99 ने सुरू करण्याची पद्धत आहे. आकड्याच्या वरच्या ओळीत तो का बदलला आणि कधी, हेही लिहावे. नवा सर्व्हर ताब्यात देण्याआधी मी तो मुद्दाम एकदा बंद करून चालू करतो आणि मगच आकडे वाचून पाहतो.